गाडीची वही

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. वडोदऱ्याहून आत्या आली होती आणि तिला ओंकारेश्वरला जायचं होतं. पहाटे निघून दर्शन झालं, नर्मदेकाठी बसणं झालं, बडवाहला जेवण झालं आणि दुपारी अडीचच्या सुमाराला आम्ही इंदूरच्या वाटेला लागलो. गाडीत आई, बाबा, आत्या आणि मी. एसी फुल. बाहेर डोळे उघडवत नव्हते इतकं ऊन.

चोरल मागे पडलं आणि भेरूघाट सुरू झाला. पुढे कांद्याने भरलेला ट्रक, त्याच्यापुढे आणखी एक. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत चाललो होतो. दुसऱ्या वळणावर डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. थर्मामीटरचं चित्र असलेला. तिथेच डाव्या हाताला एका टपरीपाशी गाडी उभी करण्याएवढी जागा होती. मी ती पाहिली आणि पुढे गेलो. मनात हिशेब असा की, अजून चार-पाच किलोमीटर, घाट संपला की सिमरोल, तिथे चहा पिऊ, पाणी घालू. मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला सांगितलं नाही. मागे आत्या मोठ्या रंगात तिच्या सोसायटीतली भांडणं सांगत होती.

घाटमाथ्याच्या जरा अलीकडे गाडीने दोन झटके दिले, बॉनेटखालून वाफ आली आणि इंजिन बंद पडलं. मी उतरून बॉनेट उघडलं आणि रुमाल घेऊन रेडिएटरच्या टोपणाला हात घालणार, तेवढ्यात मागच्या ट्रकचा ड्रायव्हर ओरडला, “भिया, ढक्कन मत खोलना! मुँह जल जाएगा.” त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. उकळत्या पाण्यावर दाब असतो. टोपण उघडलं की ते कारंज्यासारखं तोंडावर येतं.

टोइंगची गाडी यायला अडीच तास लागले. आत्या छत्री उघडून दगडावर बसली होती. तिला गाडीतलं काही कळत नाही, पण तिने एक वाक्य टाकलं, “काय रे, माणसाला ताप आला तर आपण त्याला घाट चढायला लावतो का?” बाबा काही बोलले नाहीत. ते गाडीच्या पुढच्या चाकाशी उभे राहून खाली बघत होते.

*

ही गाडी बाबांची. 2015 साली ते रिटायर झाले, तेव्हा मिळालेल्या पैशांतून रोख घेतलेली. पेट्रोल, छोटी, पांढरी. राजेंद्रनगरच्या आमच्या गल्लीत ती आली तेव्हा आईने ओवाळली होती आणि शेजाऱ्यांना पेढे वाटले होते. दोन वर्षांपूर्वी बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी चावी माझ्या हातात दिली. सोबत एक निळी वही दिली. दोन्ही गोष्टी मी टेबलाच्या खणात ठेवल्या. चावी रोज बाहेर यायची. वही आली नाही.

सर्व्हिस सेंटरचा फोन तिसऱ्या दिवशी आला. ॲडव्हायझर चांगला मुलगा होता, माझ्याच वयाचा. त्याने समजावून सांगितलं की इंजिन खूप तापलं आहे, हेड गॅस्केट गेलं आहे हे नक्की, पण आत आणखी काय झालं ते उघडल्याशिवाय कळणार नाही. सगळ्यात वाईट धरून, हाफ इंजिन, हेड, मजुरी आणि जीएसटी मिळून 1,35,000 रुपये. नुसतं उघडून बघायचे 7,000. काम केलं नाही तरी ते द्यावे लागतील.

एक लाख पस्तीस हजार. मी फोन ठेवला आणि लगेच मोबाइलवर बघितलं, आमच्या मॉडेलची चालू गाडी तेव्हा साधारण सव्वादोन लाखांना विकली जात होती. जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या एकाला विचारलं. बंद पडलेल्या गाडीचे त्याने साठ हजार सांगितले, तेही असे की जणू माझ्यावर उपकार करतोय.

रात्री जेवताना मी आकडा सांगितला. आईचा हात पोळीवरच थांबला. बाबांनी शांतपणे विचारलं, “इन्शुरन्समधून काही?” काही नाही. अपघात, चोरी, आग यांसाठी आपला मोटार विमा असतो. यंत्र आपलं आपण बिघडलं किंवा झिजलं तर नेहमीच्या पॉलिसीत ते बसत नाही. वॉरंटी तर केव्हाच संपलेली. नवीन असताना वाढीव वॉरंटी घेता आली असती, पण तीही आतापर्यंत संपलीच असती.

मला मित्राने एक रस्ता सुचवला. वॉरंटी संपलेली असली तरी कंपनीला लिहून बघ. गाडीची निगा नीट राखली असेल तर कधीकधी कंपनी स्वतःहून काही भार उचलते. तिला गुडविल म्हणतात. हक्क नाही, पण मागायला हरकत नसते. मी उत्साहाने ईमेल लिहायला बसलो. त्यात सर्व्हिसचा सगळा तपशील द्यायचा होता. म्हणून पहिल्यांदाच ती निळी वही उघडली.

पहिल्या पानावर गाडीचा इंजिन नंबर, चासी नंबर, टायरचा दाब. पुढे प्रत्येक ओळीला तारीख, किलोमीटर, काय केलं, किती पैसे. “इंजिन ऑइल, फिल्टर.” “कूलंट पूर्ण बदलले, पाणी नाही.” “पाणी नाही” खाली रेघ. “पुढच्या वेळी ब्रेक पॅड बघणे.” प्रत्येक बिल मागच्या खिशात, तारखेप्रमाणे लावलेलं. असं जवळजवळ आठ वर्षं. मग शेवटची नोंद: “आजपासून गाडी चिरंजीवांकडे.” त्याच्याखाली कोरी पानं.

त्या कोऱ्या पानांत काय लिहायला हवं होतं ते मला माहीत होतं. डिसेंबरात गाडीखाली ओलं दिसायला लागलं होतं. सर्व्हिस सेंटरने तेव्हाच सांगितलं होतं की वॉटर पंप गळतोय, साडेसहा हजार लागतील. त्याच महिन्यात मी नवीन फोन हप्त्यांवर घेतला होता. म्हटलं, पुढच्या महिन्यात करू. मग दर आठवड्याला कूलंटच्या डब्यात नळाचं पाणी घालायचं मी ठरवलं. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. एप्रिलमध्ये ओंकारेश्वरला निघण्याआधीही एक बाटली घातली होती. घरात कुणाला हे सांगितलं नव्हतं.

ईमेल पाठवला. पाचव्या दिवशी नम्र उत्तर आलं: मुदत खूप आधी संपली आहे, शिवाय गेल्या दोन वर्षांची नोंद नाही, त्यामुळे मदत करता येत नाही. त्यांना नावं ठेवायला मला जागाच नव्हती.

*

बाबांनी दुसरं मत घ्यायचं ठरवलं. “डॉक्टर ऑपरेशन म्हणाला तर आपण दुसरीकडे दाखवतोच ना,” ते म्हणाले. गाडी पुन्हा टोइंग करून त्यांच्या ओळखीच्या एका जुन्या गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मेकॅनिकला सगळे उस्ताद म्हणतात. साठीचे गृहस्थ, चश्मा दोरीला बांधलेला. मी त्यांना 1,35,000 चा कागद दाखवायला गेलो, तर म्हणाले, “ये बाद में. पहले गाड़ी देखने दो.”

पुढचा दीड तास मी जे पाहिलं, त्यातून मला एक गोष्ट कायमची कळली. एस्टिमेट आणि निदान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एस्टिमेट म्हणजे काय-काय बदलावं लागू शकेल त्याची यादी. निदान म्हणजे काय बिघडलं आणि का बिघडलं.

उस्तादांनी आधी ऑइलची कांडी ओढून पाहिली. ऑइल दुधट झालं नव्हतं. म्हणजे पाणी ऑइलमध्ये मिसळलेलं नाही, तेव्हा खालच्या बेअरिंग बहुधा वाचल्या असतील. मग प्लग काढून एकेका सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं. एक आणि चार नंबर ठीक. दोन आणि तीन दोन्ही सारखेच कमी. “पड़ोसी हैं,” ते म्हणाले. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवतात, तेव्हा त्यांच्यामधल्या जागेत गॅस्केट जळालेलं असण्याची शक्यता मोठी. त्यांनी मला गॅस्केटचं काम हातांनी दाखवलं: खाली लोखंडाचा ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचं हेड, मध्ये हा पातळ पत्रा. तो आग, ऑइल आणि पाणी या तिघांना वेगळं ठेवतो. इंजिन फार तापलं की ॲल्युमिनियमचं हेड किंचित वाकतं, पत्र्यावरचा दाब कमी होतो आणि आग वाट काढते.

शेवटी त्यांनी कूलंटच्या डब्यात बोट घातलं. बोट तपकिरी झालं. तळाशी गंज आणि पांढरा क्षार. त्यांनी ते बोट बाबांसमोर धरलं. “साहब, ये कूलंट नहीं है. नल का पानी है. आप तो ऐसा नहीं करते थे. कौन डाल रहा था?”

मी गॅरेजच्या फरशीकडे बघत होतो. दोन-तीन सेकंद गेले असतील.

“अपन ही डाल रहे थे, उस्ताद,” बाबा म्हणाले.

बाहेरच्या कुणाला हे समजावणं कठीण आहे, पण इंदूरमध्ये वाढलेल्यांना कळेल. आपल्या ‘अपन’ मध्ये मी, तू, आम्ही, आपण, सगळे मावतात. उस्तादांनी मान हलवली आणि मला उद्देशून म्हणाले, “भिया, कूलंट सिर्फ़ ठंडा नहीं करता.” मग त्यांनी सांगितलं की त्यात गंज रोखणारी रसायनं असतात, त्याच्यामुळे उकळण्याचं तापमानही वाढतं. नळाच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. सपाट रस्त्यावर अशी गाडी निभावून नेते. घाटात, एप्रिलमध्ये, एसी लावून, चार माणसं घेऊन नाही. आणि लाल दिवा लागल्यावर काय करायचं, तेही त्यांनी विचारलं. मी गप्प. “एसी बंद, हीटर फुल, जहाँ जगह मिले वहाँ खड़ी.” हीटर लावला की इंजिनची उष्णता थोडी आत खेचली जाते, सुरक्षित जागा मिळेपर्यंतचा वेळ मिळतो. पुढे जायचंच नाही. पाणी संपलेलं असेल तर काटासुद्धा खोटं सांगतो, कारण सेन्सर पाण्यात नसून वाफेत असतो.

परतताना मी स्कूटर चालवत होतो, बाबा मागे. सिग्नलला थांबलो तेव्हा मागे न बघताच म्हणालो, “बाबा, डिसेंबरपासून मीच पाणी घालत होतो. पंप गळतोय हे मला माहीत होतं. पैसे होते, पण मी फोन घेतला.”

“मला माहीत आहे,” ते म्हणाले. “रोज सकाळी दूध घ्यायला जायचो तेव्हा गाडीखाली ओलं दिसायचं.”

“मग बोलला का नाहीत?”

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. पुढच्या चौकापर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “चावी तुला दिली होती ना. वाटलं, सारखं विचारलं तर तुला वाटेल म्हाताऱ्याचा विश्वास नाही. माझंही चुकलंच. ओंकारेश्वरला निघताना तरी विचारायला हवं होतं.”

*

त्या रात्री आम्ही दोघं कागद घेऊन बसलो. उस्तादांनी अंदाज दिला होता तीस ते पस्तीस हजार, पण एका अटीवर: हेड उघडल्यावर सिलिंडर चिरलेले निघाले तर तिथेच थांबायचं, फोन करायचा, आपण हो म्हटल्याशिवाय पुढचा एक बोल्टही नाही. तसं झालं तर गाडी आहे तशी विकायची, हे आधीच ठरवलं. हे आधी ठरवणं फार महत्त्वाचं होतं. एकदा पैसे गेले की “आता एवढे घातलेच आहेत” म्हणून माणूस आणखी घालत जातो.

मी म्हणत होतो, नवीनच घेऊ. बाबांनी हिशेब मांडला. सात लाखांचं कर्ज, पाच वर्षं, साडेनऊ टक्के धरले तर हप्ता साडेचौदा हजारांच्या वर. “म्हणजे दुरुस्तीचे पस्तीस हजार म्हणजे अडीच हप्ते,” ते म्हणाले. “ही गाडी अडीच महिने तरी चालेल ना?” मी हसलो. दुरुस्तीची तुलना नुसती जुन्या गाडीच्या किमतीशी करायची नसते. दुरुस्त नाही केली तर पुढची दोन-तीन वर्षं आपण काय खर्च करणार, त्याच्याशीही करायची असते. बाकी गाडी ठणठणीत होती: बॉडीला गंज नाही, गिअरबॉक्स ठीक, टायर वर्षापूर्वीचे. यातलंही काही मोडकळीला आलं असतं तर उत्तर वेगळं आलं असतं.

हेड उघडलं त्या सकाळी उस्तादांचा फोन आला, “आ जाओ, देख लो.” दोन आणि तीनच्या मधोमध गॅस्केटवर काळा जळलेला पट्टा होता. सिलिंडरच्या भिंती स्वच्छ, कारखान्यातल्या तिरप्या बारीक रेघा अजून दिसत होत्या. हेडवर सरळ पट्टी ठेवून त्यांनी फटीत पातळ पत्र्याची मापं घातली. वाकलेलं होतं, पण मशीनवर घासून सपाट करण्याएवढंच. हेड मशीन शॉपमध्ये गेलं. तिथे आधी दाब देऊन तडा नाही ना हे पाहिलं, मग फेसिंग केलं. नवीन गॅस्केट सेट, नवीन हेड बोल्ट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, होज, नवीन रेडिएटर. जुने बोल्ट चांगले दिसत होते म्हणून मी विचारलं, तर कळलं की या इंजिनातले बोल्ट कसताना ताणले जातात, पुन्हा वापरायचे नसतात. कसताना उस्ताद टॉर्क रेंच घेऊन मधल्या बोल्टपासून बाहेर, ठरलेल्या क्रमाने, तीन फेऱ्यांत कसत होते. त्या वेळी ते कुणाशी बोलत नव्हते.

नऊ दिवसांनी बिल आलं: 32,000. त्यात मजुरी साडेआठ हजार. जुने पार्ट त्यांनी न मागता एका गोणीत घालून दिले, आणि बिलावर हाताने लिहिलं, सहा महिने किंवा दहा हजार किलोमीटर, या कामाची जबाबदारी माझी. दोन वेळच्या टोइंगचे पाच हजार वेगळे. साडेसहा हजार वाचवायला निघालो होतो, सदतीस हजारांत पडलं. टपरीपाशी थांबलो असतो तरी पंप आणि एखादा होज यांवर भागलं असतं, असं उस्ताद म्हणाले. नक्की कुणी सांगावं? पण ते चार-पाच किलोमीटर माझ्या डोक्यातून जात नाहीत.

पैसे मी भरले. बाबा अर्धे देत होते. मी नाही म्हटलं. फोनचे हप्ते ऑगस्टपर्यंत चालू होते आणि एप्रिलपासून चार महिने मी सराफ्यात पाय ठेवला नाही, एवढंच सांगतो.

गाडी घरी आली त्या संध्याकाळी बाबांनी टेबलावर निळी वही आणि पेन ठेवलं. ते समोर पेपर वाचत बसले. मी लिहिलं: तारीख, किलोमीटर, हेड गॅस्केट, हेड फेसिंग, वॉटर पंप, रेडिएटर, नवीन कूलंट. 32,000. मग थोडा थांबलो आणि त्याच्याखाली लिहिलं: “डिसेंबर ते एप्रिल नळाचे पाणी घातले. पंप गळत असल्याचे माहीत होते.” बाबांनी चश्मा वर करून वाचलं. पेन घेतलं आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं: “मलाही.”

आता दर रविवारी सकाळी, पोहे व्हायच्या आधी, इंजिन गार असताना आम्ही दोघं बॉनेट उघडतो. कूलंट खुणेपर्यंत आहे का, ऑइल किती, गाडीखाली ओलं आहे का. पाच मिनिटांचं काम. ज्यांच्या घरी आई-बाबांची गाडी आता तुमच्या हातात आली आहे, त्यांनी हे करून बघावं. आणि लाल दिवा लागला, तर तो आधी गाडीत मोठ्याने सांगावा.

दिवाळीत आत्या पुन्हा येणार आहे. म्हणाली, ओंकारेश्वरच जाऊ, भेरूघाटातून, बघू तुझी गाडी. त्या टपरीपाशी थांबून चहा प्यायचा, हे मी तिला आधीच सांगून ठेवलं आहे.